संघपाल काय म्हणत होता

"काका, बाबांना एकदा तलावावर घेऊन जाल का?"

दीप्तीने हे विचारलं तेव्हा शालिकराम डाखोळेच्या हातातला चहा केव्हाच निवला होता. सक्करदऱ्यातल्या त्या समोरच्या खोलीत, पलंगावर, तिचा सासरा आणि शालिकरामचा जुना दोस्त संघपाल रंगारी पाठीशी दोन उशा घेऊन बसला होता. बसला होता म्हणजे बसवला होता. उजवा हात मांडीवर कुणीतरी आणून ठेवल्यासारखा पडलेला. डोळे मात्र दोघांच्या बोलण्याबरोबर इकडून तिकडे फिरत होते. त्याला ऐकू येत होतं, आणि कळतही होतं. तलाव म्हटल्याबरोबर तो पुढे झुकला.

"तेच," तो म्हणाला. "तेच, तेच."

"जायचं म्हणता, बाबा?"

"तेच."

दिवाळीनंतर लकवा मारला तेव्हापासून संघपालजवळ हा एवढा एकच शब्द उरला होता. पाणी हवं असलं तरी तेच, नको असलं तरी तेच. रागावला की "तेच!" आणि रात्री सुनेने पांघरूण घातलं की हळूच "तेच". डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, की मेंदूतली बोलण्याची जागा दुखावली आहे. मनात काय आहे ते त्याला पक्कं ठाऊक असतं, पण ते सांगायला तोंड उघडलं की दरवेळी हाच शब्द बाहेर पडतो. लिहायला पाटी दिली तर नुसत्या रेघोट्या. बोलणं शिकवायला एक मॅडम घरी येत. त्याच म्हणाल्या होत्या, जुन्या सवयीच्या जागी नेऊन पाहा, कधी कधी तिथे एखादा शब्द सुटतो.

दीप्ती त्या 'कधी कधी'ला धरून बसली होती. तिचा नवरा सुशील नोकरीपायी महिना महिना बाहेरगावी असायचा. सासऱ्याचं सगळं तीच करायची, आणि शाळेत शिकवायलाही जायची.

"नेतो ना," शालिकराम म्हणाला. "काहून नाही नेणार? रविवारी नेतो."

म्हणाला खरा, पण गेटबाहेर पडल्यावर, याला गाडीत बसवायचं कसं आणि उतरवायचं कसं, याचा हिशेब करत निघाला.

आता हा संघपाल कोण, ते सांगायला हवं. गांधीबागेच्या बाजारात, कापडाच्या एका ठोक दुकानात त्याने उभा जन्म काढला. मालक नव्हे, माल दाखवणारा. पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसायचा आणि एका झटक्यात अख्खा थान असा उलगडायचा की समोरचं गिऱ्हाईक दोन बोटं मागे सरायचं. गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याचे दुकानदार यायचे. "भैयाजी, हाथ लगाके देखो. धुलाई के बाद और खिलेगा, नहीं खिला तो मेरे मुँह पे मारना." मराठी माणसाशी मराठी, मारवाड्याशी त्याच्यासारखी, आणि तेलुगू माणूस आला तर तीही चार वाक्यं. लोक दुसऱ्या दुकानात भाव विचारून यायचे आणि माल घ्यायचे संघपालकडून. संध्याकाळी त्याचा घसा बसलेला असायचा.

आणि हाच माणूस पाण्याच्या काठी बसला की एक शब्दही बोलत नसे.

शालिकरामशी त्याची ओळखच तशी झाली. शालिकराम तेव्हा वीज कंपनीत नवीन लाइनमन होता, सक्करदऱ्याला खोली घेऊन राहायचा. सुट्टीच्या दिवशी तलावाकडे फिरायला गेला तर एक उंचपुरा तरुण गळ टाकून बसलेला. शालिकराम गावाकडचा माणूस, त्याला राहवलं नाही. म्हणाला, "लागलं का गा काही?" त्याने मान हलवली. "काय लावलं? गांडूळ का कणीक?" त्या तरुणाने बोट ओठांवर ठेवलं. शालिकरामला राग आला, पण पाणी सोडून जाववेना. बसला. थोड्या वेळाने तो तरुण उठला, काठी शालिकरामच्या हातात दिली आणि चहा प्यायला निघून गेला. नेमका तेव्हाच मासा लागला. शालिकरामने घाबरून असा काही हिसका दिला, की मासा त्याच्या डोक्यावरून उडून मागच्या रस्त्यावर पडला आणि एका सायकलवाल्याने कचकन ब्रेक मारला. चहाच्या टपरीवरून संघपाल हे पाहत होता. पोट धरून हसला.

तेव्हापासूनची दोस्ती. पुढे सक्करदऱ्याच्या पाण्याची रया गेली तसं शालिकराम त्याला आपल्या गावाकडे, पारशिवनीच्या बाजूला नेऊ लागला. तिथे शेतांच्या मधोमध एक जुना तलाव आहे. मच्छीमार सोसायटीचा. पण तिथला राखणदार रामाजी शालिकरामच्या ओळखीचा, त्यामुळे या दोघांना काठावर बसून गळ टाकायला कुणी हटकत नसे. थंडीत रोहू खाणं सोडून तळाशी बसतो. माघ सरला, ऊन चरचरायला लागलं, की उथळ पाणी तापतं आणि मासा काठाला येतो. मरळही वर दिसायला लागते. त्यांचे फेरे तेव्हा सुरू व्हायचे आणि पाऊस लागेपर्यंत दर रविवारी चालायचे. आधी सायकलने, मग राजदूतवर, मग स्कूटरवर, आणि शालिकराम निवृत्त झाल्यावर त्याच्या जुन्या मारुतीतून.

बोलायचं काम शालिकरामचं. बायकोचं दुखणं, पोराचं लग्न, खांबावरून पडता पडता कसा वाचला, सगळं त्याने त्या तलावावर सांगितलं. संघपालचं उत्तर एकच, "हूं." एकदा शालिकराम चिडून म्हणाला, "गांधीबागेत तं पोपटासारखा बोलतं. माझ्याशी बोलाले तुले काय होते?" त्यावर पाण्यावरची नजर न काढता संघपाल म्हणाला, "तिथं बोलाचे पैसे भेटते गा. इथं मले चूप राहू दे." शामला, त्याची बायको, गेली त्या वर्षीही तो असाच येऊन बसला होता. शालिकरामला काय बोलावं कळेना, तर संघपालच म्हणाला होता, "तू बोल. तुझं चालू दे. बरं वाटते."

तर असा तो माणूस. त्याला तलावावर न्यायचं होतं.

रविवारी सकाळी दीप्तीने पिशवी तयार ठेवली होती. एक जास्तीचा पायजमा, टॉवेल, नरम भात, पाण्याची बाटली आणि चमचा. "पाणी चमच्यानेच द्या काका, घाईने प्यायले की ठसका लागतो. आणि हे," तिने एक पुठ्ठा दिला. त्यावर मॅडमनी चित्रं चिकटवली होती. ग्लास, ताट, संडास, पलंग, दुखरं पोट. "काही हवं असलं तर याच्यावर बोट ठेवतात. कधी ठेवतात, कधी नाही."

तिला यायचं होतं, पण शाळेत पेपर तपासायला बोलावलं होतं. गाडी निघाली तेव्हा ती गेटात उभी राहून हात हलवत होती, जणू दोघं शाळकरी पोरं सहलीला निघाली होती.

रस्ताभर संघपाल खिडकीतून पाहत होता. कन्हान ओलांडली, गव्हाची पिवळी शेतं लागली, पळस फुलले होते. शालिकराम अखंड बोलत होता. थांबला की गाडीत जी शांतता व्हायची ती त्याला सहन होत नव्हती. इतकी वर्षं हा माणूस शेजारी गप्प बसला होता आणि कधी काही वाटलं नव्हतं. तेव्हा गप्प राहणं त्याच्या मर्जीचं होतं.

रामाजी काठावर वाटच पाहत होता. संघपालला गाडीतून उतरवताना त्याने काखेत हात घातला आणि एकदम तोंड फिरवलं. "काय हे भाऊ," एवढंच म्हणाला. दोघांनी मिळून त्याला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, पाण्यापासून चार हात वर, बाभळीच्या सावलीत. तीच त्यांची नेहमीची जागा. मग रामाजी पलीकडच्या टोकाला जाळी वाळत घालायला गेला.

शालिकरामने सरकीची ढेप आणि कणीक मळून गोळी लावली. एक गळ आपला टाकला आणि काठी जमिनीत रोवलेल्या दुबेळक्या फांदीवर ठेवली. दुसरा टाकून ती काठी संघपालच्या डाव्या हातात दिली. बोटं लगेच मिटली. दोऱ्याला बांधलेला ज्वारीच्या धांड्याचा पांढरा तुकडा पाण्यावर उभा राहिला, तशी संघपालची नजर तिथे जाऊन बसली, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण असा उतरला, की शालिकरामला वाटलं, झालं, आता बोलतो हा.

बराच वेळ बरा गेला. पाणी स्वच्छ होतं, बगळे होते, ऊन पाठीला गोड लागत होतं. एक छोटा मासा लागला, तो शालिकरामने सोडून दिला. संघपालने पाहिलं आणि ओठाच्या एका बाजूने हसला.

मग त्याने काठी मांडीवर टाकली आणि डावा हात उचलून पाण्याकडे बोट केलं.

"तेच."

"काय गा? मासा?"

"तेच, तेच."

"तिकडं बसाचं? त्या गोट्याजवळ?"

"तेच!" त्याने जोरात मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते शालिकरामला उमजलं नाही. त्याने रामाजीला हाका मारल्या. दोघांनी खुर्चीसकट संघपालला उचलून पाण्यालगतच्या त्या मोठ्या दगडापर्यंत नेलं. धापा टाकत खाली ठेवलं. संघपालने पुन्हा बोट केलं, तिकडेच, पाण्याच्या पलीकडे.

"तेच. तेच... तेच!"

"घरी जाचं का? तहान लागली?" शालिकरामने चमच्याने पाणी पुढे केलं. संघपालने चमचा उडवून लावला. शालिकरामने पुठ्ठा काढला. ग्लास, ताट, संडास. संघपालने पुठ्ठ्याकडे एकदा पाहिलं आणि तो हाताने बाजूला लोटला. पुठ्ठा चिखलात पडला.

"त्याईले तंबाखू पाहिजे असन," रामाजी म्हणाला.

"तंबाखू सोडून किती वर्षं झाली त्याले."

रामाजी एकदम पलीकडच्या टोकाला पळाला. जाळ्यांत कुत्री शिरली होती.

शालिकराम संघपालच्या समोर त्या गोट्यावर बसला. त्याला एक एक आठवेल ते विचारू लागला. पलीकडचं गाव? मंदिराचा कळस? ते झाड? पाणी कमी झालं म्हणतो? आपण एकदा तिकडून मोठी मरळ काढली होती ती? सुशील? दीप्ती? आणि शेवटी, दबकत, "शामलाबाई?"

शामलाचं नाव ऐकून संघपाल थांबला. त्याचे डोळे भरून आले. पण मान हलली ती बाजूलाच. ते नव्हतं. तिच्या नावाने रडू आलं, पण त्याला सांगायचं होतं ते दुसरंच काहीतरी होतं. त्याने पायाशी पडलेली एक काडी उचलली आणि वाकून चिखलावर एक रेघ ओढली. तिच्यावर आडवी दुसरी. मग एक वेडावाकडा गोल. वर पाहिलं, समजलं का अशा नजरेने.

शालिकराम त्या रेघांकडे पाहत राहिला. खांब वाटला, तार वाटली, नाव वाटली, काठीही वाटली. आयुष्यभर अंधारात खांबावर चढून तुटलेली तार कुठे आहे ते हाताने शोधणारा माणूस, पण त्याला त्या दोन रेघा लागेनात.

"नाव का, संघपाल?"

संघपालने काडी फेकली. जवळची गळाची काठीही उचलून फेकली. "तेच!" तो ओरडला. गांधीबागेत रस्त्यापलीकडचा माणूस वळून पाहायचा, तो आवाज अजून तसाच होता. पलीकडचे बगळे उडाले.

आणि त्याच वेळी दुबेळक्यावरची काठी वाकली.

चांगला मोठा मासा होता. काठी कमानीसारखी झाली आणि दोरा पाणी चिरत चालला. शालिकराम सवयीने तिकडे वळला, दोन पावलं गेलाही. मागे खुर्ची खरखरली. संघपाल उठत होता. डाव्या हाताने खुर्चीचा हात धरून, उजव्या पायावर, ज्यात जीवच नव्हता, तो उभा राहू पाहत होता.

शालिकरामने काठीचा नाद सोडला आणि मागे धावला. त्याने संघपालला कंबरेला धरलं, पण उतार ओला होता आणि शालिकरामचा एक गुडघा बदललेला. दोघंही आडवे झाले. खुर्ची पाण्यात गेली. संघपालचं अर्धं अंग काठाच्या चिखलात आणि अर्धं पाण्यात. मासा काठी ओढून घेऊन गेला, ती पाण्यावर थोडा वेळ तिरपी धावताना दिसली आणि मग दिसेनाशी झाली.

"रामाजी!" शालिकराम ओरडला. "रामाजी गा!" वारा समोरून येत होता. आवाज जात नव्हता. फोन गाडीत होता.

त्याने संघपालच्या काखेत हात घालून ओढून पाहिलं. हलला नाही. गुडघा टेकवून पाहिलं, गुडघ्यातून कळ डोक्यात गेली. तिसऱ्यांदा जोर लावला तर स्वतःच घसरून पाण्यात बसला. मग एवढंच करता आलं, की त्याने संघपालचं डोकं उचलून आपल्या मांडीवर घेतलं, तोंड पाण्याच्या वर राहील असं. त्याने लागलंय का म्हणून चाचपून पाहिलं. लागलं नव्हतं. पाणी वरून तापलेलं होतं, पण खाली अजून थंडीतलंच गार होतं. दोघं कुडकुडायला लागले.

संघपाल आता ओरडत नव्हता. त्याचा डावा हात वर आला आणि शालिकरामच्या शर्टाची बाही त्याने धरली. अगदी हळू, समजावून सांगावं तसं तो बोलू लागला. तेच, तेच तेच, तेच. त्यात चढउतार होते, मध्ये थांबणं होतं, प्रश्न होता. पूर्ण वाक्यं होती ती. दुकानात गिऱ्हाइकाला कापडाचा पोत सांगावा तशी सावकाश, नीट लावलेली. फक्त शब्द सगळे एकच.

शालिकरामने ऐकून घेतलं. मग त्याचा बांध फुटला.

"मले नाही समजत गा, संघपाल," तो रडत म्हणाला. "लय जोर लावला. नाही समजत मले."

संघपाल बोलायचा थांबला. त्याने शालिकरामच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग बाही सोडली आणि डोळे मिटून घेतले. शालिकराम घाबरला, हलवलं, तर डोळे उघडले. रागावलेले नव्हते. पण सांगायचंही आता काही उरलेलं दिसत नव्हतं त्यांत. रामाजी येईपर्यंत ते तसेच राहिले.

रामाजीने शेतातून आणखी एकाला आणलं. त्यांनी संघपालला उचललं, गाडीमागे कपडे बदलले. दीप्तीचा तो जास्तीचा पायजमा कामी आला. जाताना रामाजीने ओल्या पोत्यात गुंडाळलेला एक रोहू बळेच डिकीत टाकला. "रिकाम्या हातानं नका जाऊ, भाऊ."

घरी दीप्ती पायरीवरच बसून होती. सासऱ्याच्या केसांतला चिखल तिने पाहिला, शालिकरामचे ओले कपडे पाहिले. एक शब्द रागाचा बोलली नाही. पलंगावर निजवून, गरम पाण्याने पुसून झाल्यावर तिने स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारलं, "काका, काही बोलले का?"

तिच्या चेहऱ्यावरची आशा पाहून शालिकरामला खोटं बोलावंसं वाटलं. एखादा शब्द. 'पाणी' म्हणाला, असं सांगितलं असतं तरी पुरलं असतं तिला.

"बोलला पोरी," तो म्हणाला. "लय बोलला. मलेच समजलं नाही."

त्याने बोट, रेघा, गोल, सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. तिलाही काही लागेना. तिने आत जाऊन हळूच विचारूनही पाहिलं, "बाबा, तिकडे काय दिसलं होतं तुम्हाला?" संघपालने मान भिंतीकडे वळवली.

रोहूचं कालवण तिने केलं. घरभर वास सुटला. काट्याची भीती म्हणून संघपालला मासा द्यायला डॉक्टरांची मनाई होती, पण शालिकरामने एक तुकडा घेतला, उजेडाखाली धरून एक एक काटा वेचला, बोटांनी कुस्करून रश्श्यात कालवला आणि चमचा त्याच्या ओठांशी नेला. संघपालने तो घेतला. तोंडात ठेवला. गिळताना ठसका लागला, तो एवढा की दीप्तीने धावत येऊन त्याला पुढे वाकवलं आणि पाठीवर थापट्या मारल्या. शालिकराम वाटी हातात घेऊन उभा राहिला. वाटी कुठे ठेवावी तेही त्याला कळलं नाही.

एप्रिलमध्ये दुसरा झटका आला. त्यानंतर तो एक शब्दही गेला.

यंदा फाल्गुनात रामाजीचा फोन आला होता. "भाऊ, पाणी उतरलं. मरळ वर येऊन राहिली. कधी येता?" शालिकराम एकदा एकटाच जाऊनही आला. गळ टाकला नाही. त्या गोट्यावर बसला, संघपालची नजर जेवढ्या उंचीवर होती तेवढ्या उंचीवर डोकं ठेवून, आणि त्याने बोट केलं होतं त्या दिशेला पाहत राहिला. पाणी होतं. पलीकडे शेतं, दोन म्हशी, विजेचे खांब, त्यामागे टेकडी, वर आभाळ. त्यातलं कोणतंही असू शकलं असतं. ऊन डोक्यावर आलं तसा तो उठला.

आता तो रोज संध्याकाळी सक्करदऱ्याला येतो. पलंगाशेजारी स्टूल ओढून बसतो, बोलतो. गल्लीतलं, घरचं, पेपरातलं. संघपाल छताकडे पाहत असतो. ऐकतो की नाही, सांगता येत नाही. सातच्या सुमारास दीप्ती धुतलेली चादर घेऊन येते आणि म्हणते, "काका, जरा धरता का?" शालिकराम उठतो, एक हात मित्राच्या खांद्याखाली आणि एक कंबरेखाली घालतो, त्याला आपल्या अंगावर कुशीला वळवून घेतो, आणि ती खालची चादर काढून दुसरी घालेपर्यंत तसाच धरून ठेवतो.